लाकडाचे नाव आणि पेढीचे नाव

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत व्यवसायाविषयी काही लिहावे अशी आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्हांस फार विचार करावा लागला नाही. गेली कित्येक वर्षे जी गोष्ट मनात सलत आहे, तीच व्यवसायबंधूंपुढे मांडावी असे ठरविले. ही गोष्ट परदेशातून येणाऱ्या लाकडाची, आणि त्याहीपेक्षा ते लाकूड आपण ज्या नावाने विकतो त्या नावाची आहे.

बेळगाव, खानापूर, अळणावर या टापूतील जुन्या वखारींतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना लाकडाची नावे कोणी शिकविली नाहीत. दांडेलीच्या सरकारी डेपोत लिलाव व्हायचा, ओंडके गाड्यांतून वखारीत उतरायचे, आणि वाणसामान ओळखावे तितक्या सहजपणे आपली मुले साग, शिसव, ऐन, किंदळ, नाना, हेद, जांभा आणि बिबला ओळखीत असत. सुतार ओंडक्यावर वाकस मारी, ढलपी हातात घेऊन तिचा वास घेई, नखाने दाबून पाही आणि नाव सांगे. त्या नावाबद्दल वखारवाल्याचे आणि सुताराचे दुमत होत नसे. उंबरठ्याला काय घालावे, तुळईला काय घालावे, गाडीच्या आऱ्याला काय घालावे हे त्या नावावरूनच ठरे. नाव म्हणजे त्या लाकडाची सारी कुंडली होती.

आज ती स्थिती राहिलेली नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांपासून मिळणारा प्रत्यक्ष आर्थिक लाभ हा पर्यावरणाच्या रक्षणापुढे दुय्यम ठरविला. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्यामुळे देशातील वृक्षतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक बंधने आली. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना ते संकट वाटले. आज मागे वळून पाहता आम्हांस प्रांजळपणे म्हणावेसे वाटते की, ही बंधने आली नसती तर सह्याद्रीच्या रांगांवर पुढच्या पिढीला दाखविण्यासारखे फार थोडे उरले असते. परंतु घरे बांधणे थांबले नाही, दारे-खिडक्यांची मागणीही घटली नाही. सबब लाकूड समुद्रमार्गे येऊ लागले. कांडला, मंगळूर, तुतिकोरिन अशा बंदरांतून ते उतरू लागले, आणि गांधीधामच्या आसपास तर आरागिरण्यांची एक नगरीच उभी राहिली. जी वखार दांडेलीकडे तोंड करून बसली होती, ती आता बंदराकडे तोंड करून बसली.

ह्या बदलात आपण एक गोष्ट गमावली. ओंडके आले, परंतु त्यांच्याबरोबर त्यांची ओळख आली नाही. मग ओळख नसलेल्या पाहुण्याला घरातल्याच एखाद्या माणसाचे नाव द्यावे, तशी आपण या लाकडांना आपल्या परिचयाची नावे दिली. कशाला ‘मलेशियन साल’ म्हटले, कशाला ‘आफ्रिकन साग’, तर कशाला बिनदिक्कत ‘बर्मा साग’. आरंभी ही सोय होती. पुढे तिची सवय झाली. आणि आता काही ठिकाणी ती फसवणूक झाली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम बर्मा सागाचाच विचार करू. साग हा हिंदुस्थान, ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस या चारच देशांतील नैसर्गिक वृक्ष होय. जावा बेटावर तो काही शतकांपूर्वी नेऊन लावला गेला. ब्रह्मदेशच्या सागाची कीर्ती जुनी आहे, आणि त्या सागापायी राज्येही गेली आहेत. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा आणि ब्रह्मी दरबाराचा सागाच्या ओंडक्यांवरून तंटा झाला आणि १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाला तो निमित्त ठरला. आपल्या मलबारी सागाची थोरवीही काही कमी नव्हे. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली बांधले जाऊन १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागाचे जहाज आज दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे.

आता हे ध्यानात घ्यावे की, १ एप्रिल २०१४ पासून ब्रह्मदेशाने म्हणजे म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून तेथून कायदेशीरपणे बाहेर पडावयाचे ते कापलेले, घडविलेले लाकूड. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे लष्कराने सत्ता हाती घेतली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने व जूनमध्ये युरोपीय संघाने तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. ह्या साध्या तारखांवरून हिशेब करा. आज एखादा व्यापारी नव्याने उतरलेला गोल ओंडका दाखवून ‘हा बर्मा साग’ असे म्हणत असेल, तर तीनच शक्यता उरतात. एक तर तो माल २०१४ पूर्वीचा शिल्लक असावा, नाही तर तो चोरट्या वाटेने आलेला असावा, किंवा तो बर्मा साग नसावाच. पहिली शक्यता वर्षागणिक विरळ होत जाणार. दुसरी आपल्याला शोभणारी नाही. आणि बहुतेक वेळा तिसरीच खरी असते.

मग हा साग येतो कोठून? इक्वाडोर, कोस्टारिका, पनामा, ब्राझील, घाना, बेनिन, टांझानिया अशा देशांतून. तेथे माणसाने लावलेल्या सागाच्या बागा आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा अस्सल सागच आहे; ‘टेक्टोना ग्रँडिस’ हेच त्याचे नाव. त्याला बनावट म्हणणे हाही अन्याय होईल. परंतु लागवडीचा वृक्ष कोवळ्या वयात तोडला जातो. त्याचा घेर लहान असतो, गाभा थोडा असतो आणि गाभ्याभोवतीचे पांढरे लाकूड पुष्कळ असते. सागाला वाळवी सहसा लागत नाही ही जी त्याची ख्याती आहे, ती त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे आहे. पांढऱ्या भागात ते संरक्षण नाही. म्हणून ‘साग आहे’ एवढे सांगणे पुरेसे नसून ‘गाभा किती आहे’ हे सांगणे आवश्यक आहे. इक्वाडोरचा साग इक्वाडोरचा म्हणून, त्याच्या गाभ्याचे प्रमाण सांगून आणि त्याच्या भावाने विकला, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. तोच बर्मा म्हणून विकला, तर लाज वाटली पाहिजे.

‘आफ्रिकन साग’ या नावाची कथा याहून वेगळी आहे. घानाहून येणारा लागवडीचा खरा साग आफ्रिकेचाच. परंतु इरोको नावाच्या एका निराळ्याच वृक्षालाही ‘आफ्रिकन साग’ म्हणण्याचा प्रघात जगभर आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘मिलिसिया एक्सेल्सा’. सागाशी त्याचे काही नाते नाही. लाकूड चांगले टिकाऊ आहे, रंगही सागाच्या जवळ जातो. पण त्याच्या पोटात कधी कधी चुन्याचे दगडासारखे कठीण खडे सापडतात, आणि ते करवतीच्या पात्याला लागले की पात्याचे दात जातात. त्याचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो. ज्या आरागिरणीच्या मालकाला हे ठाऊक नाही, तो पात्याच्या नुकसानीपेक्षाही मोठी चूक करतो. कारण तोंडाला फडके न बांधता दिवसभर त्या भुशात उभा राहणारा मजूर त्याच्याच भरवशावर उभा असतो.

आता ‘मलेशियन साल’. येथे आम्हांस स्वतःचाच एक अनुभव सांगितला पाहिजे. तो सांगताना संकोच वाटतो. तथापि दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्याने प्रथम आपला दोष दाखवावा, हे बरे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही बंदरावरील एका व्यापाऱ्याकडून कापीव लाकडाची एक गाडी घेतली. बीजकावर ‘मलेशियन साल’ एवढेच लिहिले होते. आम्ही अधिक विचारले नाही आणि त्यांनी अधिक सांगितले नाही. त्यातील चौकटी शहरातील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या नव्या घरासाठी नेल्या. आयुष्यभराच्या पुंजीतून बांधलेले ते घर होते. पहिल्याच एप्रिलमध्ये ते वखारीत आले. पश्चिमेच्या खिडक्यांच्या चौकटींना ऊन लागताच रंगाखालून चिकट थेंब फुटून वर येत होते. रंग खरवडून पुन्हा दिला तरी पुन्हा तेच.

‘‘शेटजी, हे सालाचे लाकूड आहे ना? मग हे काय पाझरते आहे?’’ त्यांनी विचारले.

आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘‘मास्तर, सालाच्या झाडाची राळ प्रसिद्धच आहे. साल म्हटला की राळ आलीच. अस्सल असल्याची खूण समजा.’’

ते सज्जन गृहस्थ. ‘‘तुम्ही म्हणता त्याअर्थी तसे असेल,’’ असे म्हणून परत गेले. पण ते गेल्यावर आमचा वृद्ध मिस्त्री, ज्याने हे सारे ऐकले होते, तो हातातला रंधा खाली ठेवून म्हणाला, ‘‘अण्णा, राळ झाडाच्या सालीला खाच पाडून काढतात. कापून वाळविलेल्या सालाच्या चौकटीतून ती अशी गळताना मी जन्मात पाहिली नाही.’’

त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. आठ दिवसांनी त्या लाकडाचा एक तुकडा बंगळूरच्या काष्ठविज्ञान संस्थेकडे परीक्षेसाठी पाठविला. उत्तर आले की, हा साल नव्हे. हा केरुइंग, म्हणजे आपल्या गर्जन वृक्षाच्या गणातला. ज्या गणातून गर्जन तेल निघते आणि ज्याचे पापुद्रे लावलेला प्लायवूड आपण सारे विकतो, तोच हा गण. त्याच्या अंगात तैलराळ भरपूर असते आणि ऊन लागले की ती बाहेर येते. गाडीची बैठक, जाड फरशी, झाकलेले बांधकाम अशा कामी ते चांगले लाकूड आहे. रंग देऊन पश्चिमेच्या उन्हात उभ्या करावयाच्या चौकटीला मात्र ते योग्य नाही. सालापेक्षा ते हिणकस होते असे म्हणता येणार नाही; चुकीच्या नावामुळे ते चुकीच्या जागी बसले, एवढेच झाले.

आम्ही मास्तरांच्या घरी गेलो, खरे ते सांगितले आणि पश्चिमेच्या चौकटी स्वखर्चाने बदलून दिल्या. पैशाचे नुकसान आम्ही विसरलो. जे विसरता आले नाही ते हे की, अज्ञान झाकण्यासाठी आम्ही एका विश्वासू माणसाला तोंडावर खोटे सांगितले, आणि तेही इतक्या सहजतेने की सांगताना जीभ अडखळलीही नाही. बंदरावरच्या व्यापाऱ्याने आम्हांस अर्धे सांगितले होते. उरलेले खोटे आमचे आम्ही रचले.

व्यवसायबंधूंनी आपापल्या वखारीत एकदा शोध घ्यावा. ‘मलेशियन साल’ या एका नावाखाली बलाऊ, कापूर, केरुइंग, केम्पास अशी निरनिराळी लाकडे विकली गेली आहेत. बलाऊ हा परंपरेने सालाच्याच गणात गणला गेलेला, जड आणि टिकाऊ. त्याला सालाचा भाऊबंद म्हणणे एक वेळ क्षम्य आहे. कापूर नावाच्या वृक्षापासूनच आपल्या देवघरातील भीमसेनी कापूर मिळत आला आहे, आणि ताजे कापले असता त्या लाकडाला तसा मंद वासही येतो. पण ओलसर जागी त्यात लोखंडी खिळा ठोकला तर भोवती निळे-काळे डाग पडतात. मेरबाऊ हे सुंदर तांबूस-तपकिरी आणि अतिशय टिकाऊ लाकूड, पण पहिल्या पावसात त्यातून तपकिरी रंग ओघळतो आणि पांढरी भिंत किंवा नवी फरशी खराब होते. ज्याला हे आधी ठाऊक असेल, तो पितळी अगर गंज न चढणारे स्क्रू वापरील, लाकूड बसविण्यापूर्वी त्याला चांगले रोगण देईल, आणि त्याचे काम उत्तम होईल. ज्याला नाव ठाऊक नाही, त्याला यांतील काहीच करता येणार नाही.

इंग्रजीतील ‘हार्डवूड’ या शब्दाचाही आपल्याकडे असाच गैरसमज आहे. तो शब्द रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडाला लावतात. त्याचा अर्थ प्रत्येक वेळी ‘कठीण’ असा होत नाही. हातात कापसासारखे हलके लागणारे बाल्सा हेही शास्त्राप्रमाणे हार्डवूडच आहे. त्यामुळे ‘इंपोर्टेड हार्डवूड’ एवढेच लिहिलेले बीजक म्हणजे काहीच न लिहिलेले बीजक होय.

नावानंतर ओलाव्याचा प्रश्न. सुमारे अठ्ठावीस ते तीस टक्के ओलाव्याच्या खाली लाकूड आक्रसू लागते, आणि वलयांच्या दिशेने ते जवळजवळ दुप्पट आक्रसते. म्हणूनच फळीला बाक येतो आणि चौकटीला पीळ पडतो. ओलावा मोजण्याची रीत सोपी आहे. ५७५ ग्रॅमचा तुकडा भट्टीत पूर्ण वाळवून ५०० ग्रॅम भरला, तर ओलावा पंधरा टक्के. आपल्या संघाचे सभासद गोव्यापासून हैदराबाद-इंदूरपर्यंत पसरलेले आहेत. गोव्याच्या दमट हवेत नीट बसलेले दार कलबुर्गीच्या उन्हाळ्यात भेगाळते, ही तक्रार आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. भारतीय मानक २८७ मध्ये याच कारणास्तव देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडून कोठे किती ओलावा चालेल हे सांगितले आहे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र आज सहज मिळते. ते गल्ल्याशेजारी ठेवावे, ही आमची विनंती आहे.

मापाविषयी चार शब्द. जुनी रीत अशी की ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीने गुणावयाचे; हीच हॉपसची रीत. पाच फूट घेराचा आणि वीस फूट लांबीचा ओंडका या रीतीने ३१.२५ घनफूट भरतो. त्याचे खरे घनमाप मात्र ३९.८ घनफुटांच्या जवळ येते. म्हणजे हॉपसच्या मापात खऱ्या मापाचे शेकडा साडेअठ्ठ्याहत्तर एवढेच दिसते. उरलेले कापताना वाया जाणार असे त्यात गृहीत धरलेले आहे. एक घनमीटर म्हणजे खरे ३५.३ घनफूट, परंतु हॉपसचे सुमारे २७.७. रीत कोणती हे दोघांनाही ठाऊक असेल तर कोणतीही रीत प्रामाणिक आहे. घेताना एका रीतीने आणि देताना दुसऱ्या रीतीने मोजणे, आणि त्याविषयी मौन धरणे, हे मात्र खोटे माप होय. मग फूटपट्टी कितीही सरकारी शिक्क्याची असो.

राहता राहिला कागदपत्रांचा विषय. ज्या देशांतून आपण लाकूड आणतो, त्यांनीही एकेक करून आपली दारे बंद केली आहेत. इंडोनेशियाने १९८५ साली ओंडक्यांची निर्यात प्रथम बंद केली. १९८८ च्या महापुरानंतर थायलंडने १९८९ च्या आरंभी जंगलतोडच बंद केली. गॅबनने २०१० साली ओंडके रोखले. आपल्याकडे १९९६ साली जे घडले, तेच तेथे घडत आहे. जंगल उजाड झाल्याचे दुःख सगळीकडे सारखेच असते. दुर्मीळ वृक्षांच्या व्यापाराचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शिसवीचा सारा गण २०१७ पासून आला. २०२२ च्या पनामा येथील परिषदेत आफ्रिकेतील पडाऊक, अफझेलिया आणि खाया यांचाही त्यात समावेश करण्याचे ठरले. हा करार आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने अंतर्भूत झाला असून ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आहे. म्हणजे ज्याला आपल्या मालाचे खरे नाव ठाऊक नाही, तो नकळत कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो. ‘मला साल म्हणून दिले होते’ हे उत्तर मास्तरांपुढे चालले. सरकारी अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

आता एक गोष्ट आपसांतली. लाकडाचा धंदा जैन माणसाने करावा काय, हा प्रश्न आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनी पूर्वी विचारला आहे आणि अद्यापही विचारतात. श्रावकाचारात ज्या पंधरा कर्मादानांची गणना केली आहे, त्यांत वनकर्म आहे, हे आपणांस ठाऊक आहे. या प्रश्नाचे सोयीस्कर उत्तर देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. पिढीजात धंदा आहे, शेकडो कुटुंबे त्यावर जगत आहेत, एवढेच म्हणता येते, आणि ते पुरेसे नाही हेही आम्ही जाणतो. परंतु ज्या गोष्टी निःसंशय आपल्या हातात आहेत, त्यांविषयी तरी शंका नसावी. अचौर्य व्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, ते वाचताना कोणी आपल्याच वखारीत बसून ते लिहिले असावेत असे वाटते. हलका माल भारी म्हणून देणे हा प्रतिरूपक व्यवहार. चोरून तोडलेले लाकूड स्वस्त मिळते म्हणून घेणे हाही त्यांतलाच दोष. राज्याच्या नियमांना चुकवून माल आणणे, मापात कमी-अधिक करणे, हेही तेथे आहे. वनकर्माविषयी वाद होऊ शकेल. याविषयी वाद संभवत नाही.

काही व्यवसायबंधू म्हणतील, ‘‘गिऱ्हाईकच बर्मा साग मागते. इक्वाडोरचा आहे असे सांगितले तर ते शेजारच्या दुकानात जाते, आणि तेथे त्याला तोच माल बर्मा म्हणून मिळतो.’’ ह्या आक्षेपात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. मास्तरांच्या प्रसंगानंतर आम्ही बीजकावर खरे नाव लिहू लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षे आमची विक्री घटली. घरातील तरुण मंडळी नाराज झाली. पुढे हळूहळू सुतार मंडळी आमच्याकडे परत आली. त्यांचे म्हणणे असे की, येथून नेलेले लाकूड कसे वागेल हे आधी समजते, म्हणून मालकापुढे आमची मान खाली जात नाही. सर्व तोटा भरून निघाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एकट्या दुकानदाराला जे महाग पडते, ते साऱ्या बाजाराने एकत्र केले तर कोणालाच महाग पडत नाही. संघ असतो तो याचसाठी.

दुसरा आक्षेप असा की, शास्त्रीय नावे आम्हांला कशी कळावीत? त्याचे उत्तर सोपे आहे. जे नाव जहाजी कागदांत असते, ते आपल्या बीजकावर उतरवावयाचे. आणि जेथे कागदातच ते नसते, तेथे ते मागावयाचे. गिऱ्हाईक मागते तेव्हा आपण देतो, तसे आपण मागू तेव्हा बंदरावरचा व्यापारी देईल.

यासाठी संघापुढे आमची नम्र सूचना अशी आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या बीजकावर चार गोष्टी लिहाव्यात : वृक्षाचे खरे नाव, कोणत्या देशाचा माल, मोजण्याची रीत, आणि देतेवेळचा ओलावा. संघाच्या कार्यालयात एक कपाट असावे आणि त्यात बाजारात येणाऱ्या प्रत्येक लाकडाचा, नाव कोरलेला तुकडा ठेवावा. शेजारी दहापट मोठे दाखविणारे भिंग असावे. आपली तरुण मुले सुटीत तेथे बसून साग, इरोको, केरुइंग, मेरबाऊ ओळखावयास शिकतील. शंका आली तर डेहराडून अगर बंगळूरच्या संस्थेकडे नमुना पाठवावा, आणि त्याचा खर्च संघाने करावा. बंद कंटेनर उघडताना त्यात धुरी दिलेल्या विषारी वायूचा अंश असू शकतो. तो पूर्ण हवेशीर झाल्याखेरीज हमालाला आत पाठवू नये, असाही एक नियम करावा. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही.

आमचा तो वृद्ध मिस्त्री आता हयात नाही. त्याला अक्षरओळख नव्हती आणि त्याने कोणतेही शास्त्र वाचले नव्हते. पण ज्या लाकडाचे नाव त्याला ठाऊक नसे, त्याबद्दल तो ‘‘मला ठाऊक नाही’’ असे स्वच्छ सांगत असे. ते तीन शब्द आम्ही त्या दिवशी मास्तरांपुढे उच्चारले असते, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. पुढील वर्षीच्या स्मरणिकेपूर्वी संघाच्या कार्यालयात ते कपाट उभे राहिलेले पाहावयास मिळावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही व्यवसायबंधूंची रजा घेतो.